ताईची तीन मिनिटं

“…आणि आता, ज्यांच्या पदस्पर्शानं आज आपलं हे प्रांगण पावन झालेलं आहे, ते आपले लाडके, आपले कार्यसम्राट, जनसामान्यांच्या हृदयसिंहासनावर विराजमान झालेले…”

एवढं मी एका दमात म्हटलं. आमदार नरहरीभाऊ ठोंबरे तेव्हा हृदयसिंहासनावर नव्हते. प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीवर पाच मिनिटांपासून बसलेले होते आणि शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होते. बहुतेक पुढचा कार्यक्रम कुठं आहे, हेच. पण मला त्याचं काय! माझ्या हातात माईक होता.

मी आठवीत होते. त्याच महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तोवर वर्गात हजेरी देतानासुद्धा जिची मान खाली असायची ती मी, उन्नती खिल्लारे, अशी काही सुटले होते की घरात मीठ मागायचं तरी “उपस्थित मान्यवरहो” म्हणायचे. म्हणूनच तर कर्णबधिर विद्यालयाच्या काळबांडे मॅडमनी मला सूत्रसंचालनाला बोलावलं. ती माझी शाळा नाही, माझ्या ताईची.

ताई म्हणजे प्रणिता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या उशिरा लक्षात आलं, शाळेतही ती उशिरा गेली, आणि त्यामुळं आम्ही दोघी एकाच वर्षी आठवीत होतो. शाळा वेगळ्या, पुस्तकं तीच. संध्याकाळी एकाच सतरंजीवर अभ्यास. फरक एवढाच की माझ्या शाळेत आठवीनंतर नववी होती आणि तिच्या शाळेत आठवीनंतर काहीच नव्हतं. नववीच्या वर्गाची परवानगी मागणारा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी ‘वर’ गेला होता. वर म्हणजे नेमकं कुठं, हे कोणी सांगायचं नाही. हात तेवढा छताकडे करायचे.

तर त्या शनिवारी आमदार शाळेत येणार होते. वीस मिनिटांसाठी. ठरलं होतं ते असं : स्वागत, सत्कार, मग ताईनं तीन मिनिटं हातांच्या भाषेत बोलायचं, मी ते माईकवरून सांगायचं, मग निवेदन द्यायचं. त्या तीन मिनिटांसाठी ताई दहा दिवस कपाटाच्या आरशासमोर उभी राहून सराव करत होती. मम्मीनं तिचा युनिफॉर्म दोनदा इस्त्री केला होता.

आणि झालं काय? आमदारांबरोबर नऊ माणसं आली. आता पाहुण्याला शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच्या बरोबरच्यांना कोरडं पाठवायचं, असं आमच्याकडे कधी होत नाही. माणूस वर्षभर मनात धरून बसतो. मॅडमना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी शाली जास्तीच्याच आणून ठेवल्या होत्या. स्टेजच्या मागून माझ्या हातात चिठ्ठ्या येऊ लागल्या. ‘माजी सभापतींचं नाव घे.’ ‘यांचंही घे.’ ‘त्यांचं राहिलं, रागावतील.’ मी घेत गेले. नुसती घेत गेले नाही, प्रत्येक नावाआधी चारोळी! माझ्याकडे पस्तीस चारोळ्या पाठ होत्या. टाळ्या पडत होत्या. मुलं दोन्ही हात वर करून पंजे हलवत टाळ्या देत होती, आमच्या शाळेत, म्हणजे ताईच्या शाळेत, तशाच देतात. मला वाटत होतं आपल्याला पंख फुटलेत.

सातवी शाल झाली तेव्हा आमदारांनी घड्याळ पाहिलं. दहावी झाली तेव्हा ते उठलेच. माईक माझ्या हातातून अलगद काढून घेऊन म्हणाले, “शाळेसाठी काय लागेल ते बिनधास्त सांगा. मी आहे.” मॅडमनी निवेदन पुढे केलं, सगळ्यांनी त्या कागदाला हात लावून फोटो काढला, त्यांच्या पीएनं कागद बॅगेत टाकला. गाड्या सुरू झाल्या.

मी वळून पाहिलं. स्टेजच्या पायरीजवळ ताई उभी होती. वेणीला नवी रिबन. दोन्ही हात छातीशी, सुरुवात करायच्या आधी ती धरते तसे.

ते हात तिनं हळूच खाली घेतले.

*

घरी येईपर्यंत ती माझ्या पुढं चार पावलं चालत होती. मी धावत पुढे जाऊन हातांनी म्हटलं, “ताई, सॉरी.” तिनं मान वळवली. दुसऱ्या बाजूला गेले, तिकडून मान वळवली. घरात येऊन खाटेवर बसली आणि डोळे मिटून घेतले.

तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं. मी रुसले तर मम्मी ओरडून ओरडून मला ऐकवू शकते. ताईनं डोळे मिटले की संपलं. तिच्याशी बोलायला जागाच उरत नाही. हात धरून सांगावं तर ती हात काढून घेत होती.

पप्पा जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानातून जेवायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं.

“काय झालं?”

मी सांगितलं. सगळं. चारोळ्यांसकट.

पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी हात धुतले, बनियनला पुसले आणि विचारलं, “निवेदनात तरी होतं ना नववीचं?”

“होतं. अकराव्या नंबरवर.”

“अकराव्या? मागण्या किती होत्या?”

“सतरा.”

कारण प्रत्येक सरांनी आणि बाईंनी एकेक टाकली होती. कूपनलिका, कंपाउंड, टीव्ही, स्वयंपाकघराला पत्रे, मैदानात मुरूम. आमदार आपल्या दारी रोज थोडेच येतात, लिहून टाका, म्हणून.

“सतरा मागण्या वाचायले तो काय परीक्षेला बसून राह्यला?” पप्पा म्हणाले आणि ताटावर बसले.

मला राहवेना. आमंत्रणपत्रिकेच्या वेळी मॅडमनी आमदारांच्या पीएचा नंबर माझ्याकडूनच लावून घेतला होता. रफीकभाई नावाचे. मम्मीच्या मोबाईलवरून लावला.

“कोण? सूत्रसंचालनवाली का?” तिकडून हसू आलं. “काय बोलते बेटा तू! भाऊ गाडीत म्हणत होते, श्वास कधी घेते ही पोरगी?”

एरवी मी तीन दिवस त्या वाक्यावर जगले असते. तेव्हा मात्र ते तिथंच सोडलं. “रफीकभाई, ते निवेदन…”

“आहे ना. आज सकाळपासून बावीस आली. सगळी आहेत.”

“त्यातली एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे. नववीचा वर्ग. जूनपर्यंत नाही झाला तर माझी बहीण घरी बसेल.”

त्यांचा आवाज बदलला, दुकानदार गल्ल्यावरून उठून खरा माल दाखवायला येतो तसा.

“ऐक. मार्चमध्ये अधिवेशन आहे. भाऊ विधानसभेत प्रश्न टाकू शकतात. पण प्रश्न पाठवायची मुदत सोमवारी संपते. उद्या रविवार, भाऊ सकाळी आठ ते दहा घरी लोकांना भेटतात. साडेसातला येऊन नाव लिहा. आणि कागद आणायचा तर एक पान, एक मागणी. प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, जावक क्रमांक काय, ते पाहिजे. ‘आपण थोर आहात’ वगैरे नको. ते भाऊंना माहीत आहे.”

मी काळबांडे मॅडमना फोन केला. मॅडम रडायच्या बेतात होत्या. “उन्नती, मलाच कळायला पाहिजे होतं गं. पण त्या माजी सभापतींना शाल दिली नसती तर…” वाक्य अर्धंच सोडून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासात स्वतः स्कूटीवर क्रमांक आणि तारीख घेऊन घरी आल्या, आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

मी लिहायला बसले. चांगलं दोन पानी झालं. सुरुवातच अशी होती : ‘ज्ञानसूर्याच्या किरणांपासून वंचित राहिलेल्या आम्हा निष्पाप कळ्यांना…’ वाचून मलाच भरून आलं. तेवढ्यात कागदावर सावली पडली. ताई उठून मागं उभी होती. तिनं कागद ओढला, वाचला, आणि दप्तरातून लाल पेन काढलं.

‘ज्ञानसूर्य’ गेला. ‘निष्पाप कळ्या’ गेल्या.

“कळी कोण?” तिनं हातांनी विचारलं. दिवसातलं पहिलं वाक्य.

“तू.”

तिनं अशी काही नजर टाकली की मीच खोडायला रबर शोधू लागले. एकेक ओळ जात होती. ‘समाजाच्या कृपादृष्टीची’ गेलं. ‘अंधकारमय भविष्य’ गेलं. शेवटी पाच ओळी उरल्या. त्यातल्या दोन तारीख आणि क्रमांकाच्या होत्या.

पप्पा म्हणाले, “उद्या मी जातो हिले घेऊन.”

ताई पप्पांकडे बघून हसली, पण मान नकारार्थी. पप्पांना हातांची भाषा येते ती एवढीच : जेवलीस का, शाळा, झोप, डोकं दुखतं का, शाबास. तेवढ्या शब्दांत विधानसभा कशी मावणार?

मग ती माझ्यासमोर बसली. खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. “तू चल,” ती म्हणाली. “मी जेवढं बोलेन तेवढंच बोलायचं. जास्त नाही. कमी नाही. गोड करून नाही.”

“शपथ,” मी गळ्याला चिमटा घेतला.

“तुझी शपथ स्वस्त असते,” ती म्हणाली, आणि दिवा लावायला निघून गेली.

*

आमदारांच्या घराच्या ओसरीत सकाळी साडेसातला बेचाळीस माणसं होती. आमचं नाव वहीत पंधरावं लागलं. कुणाच्या हातात दवाखान्याची फाईल, कुणाच्या हातात जळालेल्या विजेच्या डीपीचा फोटो. चहाचे ट्रे फिरत होते. एका आजोबांनी आमच्याकडे बघून विचारलं, “तुमचं काय?” मी सांगितलं तर म्हणाले, “पोरींचं काम लवकर होते. माझ्याआधी जा हवं तर.” आणि खरंच त्यांनी वहीत आपलं नाव खाली करून घेतलं.

पप्पा सोबत आलेच होते. आम्ही तिघं आत गेलो. आमदार पांढऱ्या सदऱ्यात, चष्मा कपाळावर, समोर कागदांचा ढीग. आजूबाजूला सात-आठ माणसं. काल शाल घेतलेले तिघं मी ओळखले.

“अरे! ही तर कालची!” आमदार मोठ्यानं हसले. “ये, ये. काय बोलते! रफीक, पुढच्या प्रचाराले हिलेच घेऊ. आपल्याले बोलायचं कामच नाही!”

सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, कान गरम झाले आनंदानं. दोन सेकंद मी पुन्हा स्टेजवर होते. मग बाहीला हिसका बसला.

“सर, माझ्या बहिणीला तुमच्याशी बोलायचं आहे,” मी म्हटलं.

“बरं. काय पाहिजे हिले?” त्यांनी मलाच विचारलं.

“तिलाच विचारा ना. मी सांगते ती काय म्हणते ते.”

ते जरा थबकले. मग खुर्ची ताईकडे वळवली. चष्मा डोळ्यांवर आला.

ताईनं हात छातीशी धरले. सुरू केलं. मी तिच्या शेजारी उभी राहून बोलू लागले.

“माझं नाव प्रणिता. मी पंधरा वर्षांची आहे. आठवीत आहे. ही माझी बहीण. तेरा वर्षांची. आठवीत आहे. जूनमध्ये ती नववीत जाईल. मी घरी बसेन. आमच्या शाळेत नववी नाही. आमच्यासारख्यांची सगळ्यात जवळची नववी एकशे चाळीस किलोमीटरवर आहे. तिथं मुलींना राहायला जागा नाही.”

“बहिणीच्या शाळेत काहून नाही जात?” आमदारांनी विचारलं. मी ते ताईला सांगितलं.

“गेले होते एक दिवस. तिथं सर फळ्याकडे तोंड करून बोलतात. मी त्यांच्या पाठीवरून काय वाचू?”

आमदारांच्या तोंडून “हं” आलं.

“मागच्या वर्षी आठवीतून नऊ जण बाहेर पडले. दोन मुलींची लग्नं झाली. एक शेळ्या राखते. एक मुलगा गॅरेजवर आहे. बाकीचे घरी आहेत. त्यातली एक माझी मैत्रीण आहे. ती आता अक्षरं विसरायला लागली आहे. मला चिठ्ठी लिहिते, त्यात नुसती चित्रं असतात.”

हे ती मला कधी बोलली नव्हती. तरी मी सांगितलं, जेवढं होतं तेवढं.

“हे मी काल सांगणार होते,” ताई म्हणाली. “माझी तीन मिनिटं ठरली होती. माझ्या बहिणीनं ती चारोळ्यांत घालवली.”

हेही सांगितलं बाई. खोलीत हशा पिकला. माझे गाल भाजले. पप्पा खाली बघत होते.

ताई मात्र हसत नव्हती. तिचे हात पुढे चाललेच होते. “तिची एकटीची चूक नाही. तुम्ही दहा जणांनी शाली घेतल्या. मी मोजत होते. टाळ्या मला ऐकू येत नाहीत, पण दिसतात. तुम्ही आमच्या शाळेत आलात, आणि दहा जणांपैकी एकानंही विचारलं नाही, की ही मुलगी पायरीजवळ का उभी आहे.”

समोर आमदार. ज्यांच्या एका सहीसाठी बाहेर बेचाळीस माणसं थांबलेली. बाजूला शालवाले तिघं. हे असं तोंडावर बोलायचं? कागद फेकून दिला तर? माझ्या तोंडून आपसूक निघालं,

“ती म्हणते, कालचा सत्कार फार छान झाला. शाळेला खूप आनंद झाला.”

आमदारांनी छातीवर हात ठेवून मान लववली. गालभर हसले.

ताईनं ते हसू पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यावर असं हसू येणं शक्यच नव्हतं, हे कळायला तिला कान लागत नव्हते. तिनं हात खाली घेतले आणि पोटाशी ठेवून दिले. एकावर एक. डोळे अजून उघडे होते, पण मला माहीत होतं पुढं काय होणार ते. ती मिटून घेणार. आणि या वेळी ती पुन्हा उघडेल की नाही, मला खात्री नव्हती.

“सर,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की ही वक्तृत्वातली पहिली म्हणून कुणी ओळखलंच नसतं. “सर, मी चुकीचं सांगितलं. ती तसं नाही म्हणाली.”

“मग काय म्हणाली?”

पप्पांनी मान वर केली. मी ताईकडे वळले, म्हणजे तिला माझे ओठ नीट दिसावेत. हातांनीही सांगत गेले, तोंडानंही. दहा शाली. मोजत होते. टाळ्या दिसतात. एकानंही विचारलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

शालवाल्यांपैकी एकजण पुढे सरकला. “ए पोरी, कोणासमोर बोलून राह्यली, काही…”

“थांबा हो,” आमदार म्हणाले. “ती बोलून राह्यली. मधात बोलू नका.”

त्यांनी चष्मा काढला. काच सदऱ्याच्या टोकाला पुसली. पुसतच राहिले. मग ताईकडे बघून, माझ्याकडे नाही, हळू हळू म्हणाले, “पाहिलं होतं मी तुले. पायरीजवळ. मले वाटलं, गुच्छ द्यायले उभी असशील.”

मी सांगितलं. ताईनं थोडा विचार केला.

“गुच्छ दुसऱ्या मुलीकडे होता,” ती म्हणाली.

आणि आमदार हसले. मघासारखं गालभर नाही. पकडला गेलेला माणूस हसतो तसं. “कागद आण,” ते म्हणाले.

ताईनं पाच ओळींचा कागद दिला. त्यांनी उठून तो घेतला, उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला. “तारीख आहे. नंबर आहे. शाब्बास. पाहा बाई, विधानसभेत उठून कळवळा मागता येत नाही. तिथं हेच लागते. रफीक, लिही.”

रफीकभाईंनी लॅपटॉप उघडला आणि टाइप करता करता मोठ्यानं वाचू लागले. “एक. कर्णबधिर विद्यालयास नववीचा वर्ग सुरू करण्याबाबतचा प्रस्ताव दोन वर्षांपासून प्रलंबित आहे, हे खरे आहे काय? दोन. असल्यास, आठवीनंतर मागील वर्षी नऊ विद्यार्थी शिक्षणापासून वंचित राहिले, हे खरे आहे काय?”

मी हातांनी सांगत होते. ताईच्या कपाळावर आठी पडली. “खरे आहे काय, खरे आहे काय! मी खोटं बोलते आहे का?”

रफीकभाई मनापासून हसले. “नाही बेटा. तिकडे असंच विचारतात. खरं आहे असं त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. एकदा ‘होय’ लिहून दिलं की मग त्यांना मागं फिरता येत नाही.”

हे तिला पटलं. “तीन लिहा,” ती म्हणाली. “नसल्यास, उशीर का?”

रफीकभाईंनी बोटं थांबवून आमदारांकडे पाहिलं. “भाऊ, तिसरा प्रश्न नेमका हाच असतो.”

निघताना आमदार दारापर्यंत आले. “प्रश्न यादीत लागेलच असं नाही. शेकडो असतात. लागला तरी उद्याच वर्ग उघडेल असंही नाही. दर पंधरा दिवसांनी रफीकले फोन करा. मी विसरतो. माझ्याकडे हजार भानगडी. तुम्ही विसरू नका.”

हे त्यांनी ताईला सांगितलं, आणि मी तिला.

बाहेर आलो तेव्हा ते नाव खाली घेतलेले आजोबा अजून बसलेलेच होते. “झालं का?” त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. ताईनं माझं नाक तिच्या ओढणीला पुसलं, भर ओसरीत, सगळ्यांसमोर. पप्पांनी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. शाबास. तो शब्द त्यांना येत होता.

*

दर दुसऱ्या सोमवारी शाळेतून आल्यावर मी फोन लावायचे. ताई समोर वही घेऊन बसायची आणि रफीकभाई काय म्हणाले ते तारखेसह लिहून घ्यायची. एकदा मी “बघतो म्हणाले” एवढंच सांगितलं, तर म्हणाली, “बघतो म्हणजे कधी? परत लाव.” परत लावला. रफीकभाई म्हणाले, “बापरे, ही तुझी बहीण आमच्या ऑफिसात पाहिजे होती.”

मार्चअखेर छापील उत्तर आलं. रफीकभाईंनी मोबाईलवर पाठवलं. ‘(१) होय. (२) होय.’ तिसऱ्याच्या पुढं चार ओळी होत्या : तपासणी, छाननी, कार्यवाही सुरू आहे. ताईनं त्या चार ओळी सोडून दिल्या. पडद्यावरच्या दोन ‘होय’वर तिनं बोट ठेवलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

पण जून आला तरी आदेश आला नाही. मी नववीत गेले. नवं दप्तर मी मागितलं नाही. पहिल्या दिवशी घरी आले तर ताई सतरंजी अंथरून, माझी पुस्तकं पुढ्यात ओढून बसली होती.

“सांग,” ती म्हणाली. “आज काय शिकवलं?”

रोज सांगितलं. सात आठवडे. गणिताच्या सरांनी काय काढलं, विज्ञानाच्या बाई कुठं चुकल्या, इतिहासाच्या तासाला कोणती पोरं झोपली. मी वाढवून सांगायला लागले की ती बोट उचलायची. “एवढंच म्हणाल्या का बाई?” मग मी मागं येऊन नीट सांगायचे. सात आठवड्यांत मी वर्गात इतकं लक्ष दिलं, जितकं जन्मात दिलं नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काळबांडे मॅडम स्कूटीवरून आल्या. हेल्मेट काढायचंही विसरल्या. हातात आदेशाची झेरॉक्स. मम्मीनं ती देवापुढं ठेवली आणि मग आठवण येऊन ताईच्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. सामानाच्या खोलीत बाकं मांडली होती. दारावर खडूनं ‘इयत्ता नववी’ लिहिलं होतं. अकरा जणांची यादी होती, आले होते सात. चित्रांच्या चिठ्ठ्या लिहिणारी मैत्रीण शेवटच्या बाकावर बसली होती, काजळ घातलेली, कावरीबावरी. नव्या बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, तोंड मुलांकडे करून. त्यांनी हातांनी सांगितलं, “दोन महिने गेले आहेत. कुठून सुरू करू या?”

ताई उठली. बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी खडू तिच्या हातात दिला.

ती फळ्यासमोर उभी राहिली, मुलांकडे वळली, आणि सुरू झाली. पहिला धडा. आमच्या बाईंनी शिकवला तसा, त्याच क्रमानं, मध्येच बाईंनी केलेल्या विनोदासकट. सहा डोकी तिच्या हातांबरोबर इकडून तिकडं फिरत होती. शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीनं वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. चित्र नव्हतं. मी दारातून वाकून पाहिलं.

ताईची नजर माझ्याकडे गेली. मी अजून तिथंच उभी, तोंड उघडं, कुणी बोलावलं तर बोलायला तयार. तिनं एका हातानं शिकवणं चालू ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला म्हटलं,

“जा आता. तुझा तास सुरू झाला असेल.”